खरवडलेली ओळ

फ्लॉरेन्स, २० एप्रिल १४३९

बाबा,

हे पत्र चुलीत घालण्याआधी एकदा खिडकीशी धरून अक्षर बघा. वाचू नका हवं तर. नुसतं बघा.

गोल आहे, सुटं आहे, दोन ओळींमधून वारा जाईल एवढी जागा आहे. तुम्ही ज्याला आळशी माणसाचं अक्षर म्हणायचात, तेच हे. बोलोन्यात मी ते चोरून गिरवत होते तेव्हा तुम्ही पान ओढून घेतलं होतंत आणि म्हणाला होतात, "एवढ्या जागेत मी कायद्याची दोन कलमं बसवली असती." इथे मी रोज हेच लिहिते आणि लोक थांबून बघतात.

मी धड आहे. कुणाबरोबर पळून आलेली नाही, हे आत्याला सांगा. तिने एव्हाना माझं लग्न एखाद्या शिपायाशी लावून टाकलं असेल. चौदा महिने झाले. पुस्तकवाल्यांच्या गल्लीत मेसेर नेरोत्सो नावाचे एक विद्वान दुकानदार आहेत, त्यांच्याकडे प्रती करते. राहते मोना तान्चाकडे. ती चर्मपत्रं करणाऱ्याची विधवा, आता धंदा तीच बघते. अंगणभर कातडी ताणलेली असतात. तुम्हाला घरच्यासारखं वाटेल असा वास येतो. इथल्या पावात मीठ नसतं. ती एक तक्रार सोडली तर मला काही कमी नाही.

इथे सगळ्यांना एकच वेड आहे. जुन्या रोमचं जे असेल ते सोनं, आणि रोम पडल्यापासून काल संध्याकाळपर्यंत माणसांनी जे केलं तो सगळा अंधार. नांगराला मूर्तीचा तुटका हात लागला तरी अख्खी गल्ली बघायला धावते. तुमच्या हातचा एक कागद माझ्यापाशी आहे, तो मी नेरोत्सोंना दाखवला. ते म्हणाले, "हे गॉथांचं अक्षर. रानटी लोकांनी रोम जाळलं आणि उरलेल्या कोळशाने हे लिहिलं." दुकानातले सगळे हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. हे मुद्दाम कळवते. तुम्ही माझ्यासाठी तोंड उघडलं नव्हतंत, मी तुमच्यासाठी उघडलं नाही. फिट्टंफाट.

नेरोत्सोंकडे एक पुस्तक आहे. कुणा जुन्या रोमन जमीनदाराने द्राक्षवेली आणि मधमाश्यांवर लिहिलेलं. आल्प्सपलीकडच्या एका मठात धूळ खात पडलं होतं. छातीवर हात ठेवून ते सांगतात की यातलं पान न् पान सीझरांच्या काळी लिहिलेलं आहे, रोमन माणूस कलम कसं चालवायचा ते इथे बघून घ्या. मी हे वळण त्या पुस्तकावरूनच पक्कं केलं. तुम्ही शिकवलेलं बोटांतून काढायला एक अख्खा हिवाळा लागला.

तुम्ही माझं नाव खरवडलंत. मी क्षमा मागत नाही आणि देतही नाही. परत येणार नाही. माझं अक्षर चालतंय, एवढंच कळवायचं होतं.

तादेआ


फ्लॉरेन्स, ११ मे

बाबा,

उत्तर आलं नाही. खेचरवाला बिंदो म्हणतो की पत्र त्याने तुमच्या हातातच दिलं, तुम्ही ते नाकाशी धरलंत आणि विचारलंत, "शाई कुठली वापरते?" मग दार लावून घेतलंत. शाई इथलीच आहे. चांगली आहे.

बिंदोने मला विचारलं, बापाशी बिनसलं कशावरून. मी सांगितलं की कायद्याचे प्राध्यापक मेसेर बाल्दुइनो यांचा मोठा ग्रंथ मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकटीने लिहिला. सगळे लेखनिक पुस्तक संपलं की शेवटी एक ओळ लिहितात, अमक्याने हे लिहिलं म्हणून. तशी मीही लिहिली. बापाने सुरी घेतली आणि ती खरवडून टाकली.

"एका ओळीवरून?" बिंदो म्हणाला.

"हो."

"आमच्याकडे खेचरावरून भांडतात. खेचर निदान चालतं तरी."

असो. आता बातमी. पोपनी भरवलेल्या धर्मसभेमुळे गाव ग्रीकांनी भरलंय. कमरेपर्यंत दाढ्या आणि एवढाल्या टोप्या. पोरंटोरं मागे फिरतात, आणि आमचे विद्वानही पोरांसारखेच मागे फिरतात, कारण ज्या भाषेसाठी हे जीव टाकतात ती ग्रीक लोक आपल्या आईशी बोलतात. सिएनाचे एक मोन्सिन्योर, बडे धर्माधिकारी, नेरोत्सोंचं ते सीझरकालीन पुस्तक घ्यायचं म्हणतात, आणि सोबत त्याची एक नवी प्रतही करून हवीय. सान जोवान्नीच्या सणाच्या आदल्या दिवशी दुकानात ते सगळ्यांसमोर उघडायचं ठरलंय. त्याआधी जुनी बांधणी सोडवून नवी घालायची. दोन्ही कामं माझ्याकडे.

काल मोना तान्चाच्या अंगणात मी ते सोडवलं. शेवटचं पान मागच्या लाकडी पुठ्ठ्याला खळीने चिकटवलेलं होतं. ओली फडकी घालून, दुपारभर थांबून, हाडाच्या पट्टीने ते इंचाइंचाने सुटं केलं. आतल्या बाजूला लिहिलेलं होतं. त्याच अक्षरात, त्याच हातचं.

"काय लिहिलंय?" तान्चाने विचारलं. तिला वाचता येत नाही.

मी वाचून दाखवलं. तुम्हालाही जसंच्या तसं लिहिते.

"संपलं. थंडीने शाई तीन वेळा गोठली. प्रभूच्या सनाच्या आठशे सातव्या वर्षी, सम्राट चार्ल्सच्या राज्यात, मी जोगीण बेर्तिल्दा हिने हे लिहिलं. वाचणाऱ्या, मधमाश्या तुझ्या, चुका माझ्या. नाव पुसू नकोस."

तान्चा कातडं खरडायचं थांबली. "म्हणजे ही रोमन नव्हे?"

"नाही."

"बाई?"

"बाई."

"मला वाटलंच. थंडीत बोटं आखडतात हे पुरुष कशाला लिहून ठेवेल. तो शेकोटीला जाऊन बसेल."

बाबा, सहाशे बत्तीस वर्षं. ज्या काळाला हे लोक अंधार म्हणतात, त्या अंधाराच्या ऐन मध्यावर कुठल्याशा मठात बसून एका जोगिणीने हे अक्षर लिहिलं. आणि इथले सगळे विद्वान तिला सीझरचा कारकून समजून तिची नक्कल करतायत. मीसुद्धा.

तादेआ


फ्लॉरेन्स, २ जून

बाबा,

नेरोत्सोंना पान दाखवलं. त्यांनी एकदा वाचलं, मग उजेडाकडे पाठ करून पुन्हा वाचलं. वाईट माणूस नाहीत ते. पुस्तकाची पानं उलटताना श्वास धरतात. पण दहा वर्षं ज्याला त्याला छाती ठोकून सांगितलंय, आता मागे कसं फिरायचं.

"हे कुणीतरी मागाहून लिहिलंय," ते म्हणाले.

"मेसेर, हात तोच आहे. तिचा जी हा वर्ण बघा, शेपटी डावीकडे वळवून अर्ध्यात सोडते. पहिल्या पानापासून तशीच आहे."

"तुला जी कळतो, काळ कळत नाही. असलं सौंदर्य त्या काळात असूच शकत नाही."

"पण आहे."

ते बसले. मग गोड बोलायला लागले. ते गोड बोलतात तेव्हा मला भीती वाटते. "हे बघ मुली. मोन्सिन्योर काही पुस्तकाचा रस पिणार नाहीत. त्यांना रोमला हात लावायचाय. लावू दे की. शेवटच्या पानाची ही शेपटी तेवढी काढून टाक. खरवडण्यात तुझा हात धरणारं या गावात कुणी नाही."

मी म्हटलं, "तिने पुसू नकोस म्हणून लिहिलंय."

"ती मेली."

"म्हणूनच."

त्यांनी सुरी माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, सणाच्या आधी पान कोरं दिसलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून दुकानाची पायरी चढू नकोस. मग जाता जाता, "आणि तशीही तुझी कुठे ओळ असते? माझ्याकडून गेलेल्या सात पुस्तकांवर तुझं नाव नाही. मागितलंस कधी?"

बाबा, हे मी तुमच्यापासून लपवलं होतं. ते गिऱ्हाइकांना सांगतात, माझ्याकडे बोलोन्याचा एक लेखनिक आहे. 'बोलोन्याचा' म्हणतात, 'लेखनिक' म्हणतात, बाई आहे हे सांगत नाहीत. लोक थांबून बघतात ते अक्षराकडे. मी तेव्हा मागच्या खोलीत असते.

सुरी समोर आहे. खरवडायचं कसं हे मला तुम्हीच शिकवलंत: पातं आडवं धरायचं, कातड्यावरच्या केसांच्या दिशेने जायचं, शाई निघाली की हाडाने घासून गुळगुळीत करायचं म्हणजे जखम दिसत नाही. माझी ओळ तुम्ही तशीच काढलीत. मी दारात उभी होते. तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत, आणि काम मात्र बोटांनीच चाचपून सुरेख केलंत.

मी काय करणार ते लिहीत नाही. तुम्हाला विचारतही नाही.

तादेआ


फ्लॉरेन्स, २५ जून

बाबा,

हे पत्र तुमच्या अक्षरात लिहितेय. काळं, दाट, खांद्याला खांदा लावलेलं. नव्या अक्षराची बारीक टोकं तुम्हाला आता दिसत नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि या पत्रातलं काहीही तुमच्या नजरेतून सुटायला नको.

मी खरवडलं नाही. पान तसंच नव्या बांधणीत घातलं, खळ न लावता. सुरी पुसून नेरोत्सोंना परत दिली. त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." बांधणी झाली होती, खोटं बोलले नाही. तरी त्यांना फसवलं, हे कबूल.

परवा दुकान भरलं होतं. मोन्सिन्योर, त्यांचा चिटणीस, गावातले सहासात विद्वान आणि एक म्हातारा ग्रीक पाद्री. सोबत त्याचं बोलणं आमच्या भाषेत सांगणारा दुभाषी. मला पाहुण्यांसाठी द्राक्षारस आणण्यापुरतं मागच्या खोलीतून पुढे बोलावलं होतं. नेरोत्सोंनी पुस्तक उघडलं, सुंदर बोलले. मोन्सिन्योरांनी पहिल्या पानावरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. ग्रीक म्हाताऱ्याने मात्र पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि सरळ मागून उघडलं. आम्ही लेखनिक उघडतो तसं. आधी शेवटची ओळ बघायची, मग पुस्तक.

त्याला लॅटिन येत नव्हतं. त्याने दुभाष्याकडे बोट केलं, आणि दुभाष्याने, त्याचा काय दोष, खणखणीत आवाजात वाचलं. शाई तीन वेळा गोठली. आठशे सातवं वर्ष. जोगीण बेर्तिल्दा.

मोन्सिन्योर मागे सरकले. "मला रोमन पुस्तक सांगितलं होतं. जोगिणीचं नव्हे."

नेरोत्सो माझ्याकडे बघत होते. मी बोलले. हातात सुरई होती, ती खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"मोन्सिन्योर, शब्द रोमनच आहेत. हात तिचा आहे. तिने थंडीत बसून लिहिलं नसतं तर आज तुम्हाला रोमनाचा एक शब्द हाती लागला नसता."

"ही कोण?"

"तुमच्यासाठी याची प्रत करणारी. तो बोलोन्याचा लेखनिक मीच."

एक विद्वान हसले. "बोलोन्याची. तरीच. त्या गॉथांच्या अक्षराच्या गावची."

तेव्हा, बाबा, मी तुमच्यासाठी तोंड उघडलं. मी म्हटलं, "हो. माझे वडील माएस्त्रो उगोलिनो ते अक्षर लिहितात. तुम्ही त्यांना रानटी म्हणता आणि हिला सीझर म्हणता. पण हिचा जी आणि त्यांचा जी शेजारी ठेवून बघा. हिच्या मागून पाचशे वर्षं लोक घाईने, दाटीने, कमी कातड्यात जास्त लिहीत गेले, त्याचं माझ्या वडिलांचं अक्षर झालं. एकच घराणं आहे. तुम्ही पणजीच्या पाया पडताय आणि पणतवाला दाराबाहेर काढताय."

ग्रीकाने दुभाष्याकडून सगळं ऐकलं आणि इतका हसला की दाढी हलली. म्हणाला, "आमच्याकडेही शेवटी कुणीतरी थंडीची तक्रार केलेली असते. त्याशिवाय पुस्तक संपतच नाही."

मोन्सिन्योर पुस्तक न घेता गेले. नेरोत्सो मला शांतपणे म्हणाले, "तू मला उघडं पाडलंस, तेही पाहुण्यांसमोर. एकदा बाजूला घेऊन सांगितलं असतंस." मी म्हटलं, "सांगितलं होतं." ते म्हणाले, "सांगितलं होतंस खरं. पण सुरी परत देताना 'झालं' म्हणालीस." पायरी उतरले.

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं. पाहुण्यांसमोर. कारण ते मी दुसऱ्यांदा केलं होतं.

बिंदोला मी गोष्ट अर्धी सांगितली होती. बाल्दुइनोंच्या ग्रंथावर ओळ लिहिण्याआधी मी तुम्हाला विचारलं नव्हतं. पुस्तक द्यायच्या सकाळी, तुम्ही अंगरखा बदलत होतात तेव्हा लिहिली. बोलोन्यात कुणालाच माहीत नव्हतं की तुम्हाला आखलेली ओळ आता नीट दिसत नाही, की तीन वर्षं तुमच्या नावावर मी लिहितेय. बाल्दुइनोंनी ती ओळ मोठ्याने वाचली तेव्हा त्यांनी माझ्याकडे नव्हे, तुमच्या डोळ्यांकडे बघितलं. तुम्ही सुरी घेतलीत ती त्यानंतर. हे मला तेव्हाही कळलं होतं.

तरी सांगते, मी ती ओळ पुन्हा लिहीन. तुम्हाला विचारून लिहीन, पण लिहीन. माझी चूक न विचारण्यात होती, नाव लिहिण्यात नव्हती. आणि एक गोष्ट तुम्ही त्या दिवशी रागात बघितली नाहीत. ओळ होती, "हे उगोलिनोच्या मुलीने, तादेआने लिहिलं." तुम्ही माझं नाव काढलंत तेव्हा स्वतःचंही काढलंत.

तादेआ


फ्लॉरेन्स, ३ ऑगस्ट

बाबा,

बिंदोने काल माझंच पत्र परत आणून दिलं. मला वाटलं, न फोडता पाठवलं. मग लाल शाई दिसली.

त्याला विचारलं, "काही म्हणाले?"

"म्हणाले, हात बिघडलाय तिचा. आणि जेवायला थांबवलं मला. बोलोन्यात जेवण असतं बाई, इथल्यासारख्या नुसत्या शेंगा नाहीत."

अकरा फुल्या मोजल्या. लहानपणी माझ्या पाटीवर मारायचात तशाच, फक्त आता मोठ्या, आणि काही ओळ सोडून भलतीकडे पडलेल्या. दुसऱ्या पानावर मी तुमच्या अक्षरातला आर दोनदा नव्या वळणाने काढला, तो तुम्ही पकडलात. नेरोत्सोंना फसवलं तिथे फुली नाही. मी कबुली दिली तिथेही नाही, फक्त 'अंगरखा' शब्दाखाली रेघ आहे, कारण एक अक्षर गाळलं होतं. तुम्ही दुरुस्त्या केल्यात, उत्तर दिलं नाहीत. चालेल. दुरुस्ती करायला पत्र पुरतं वाचावं लागतं.

आणि अगदी खाली, माझ्या सहीपाशी, काकपद. कावळ्याच्या पायाची ती खूण, मजकुरातून काही सुटलं की तिथे करायची. मी सही चार वेळा वाचली. तादेआ. काहीही चुकलेलं नव्हतं. मग तान्चाला दाखवलं.

"कावळा का काढलाय?"

"इथे शब्द राहिलेत असं म्हणतात ते."

"मग राहिलेत का?"

हो, राहिलेत. या चारही पत्रांखाली मी नुसतं नाव लिहिलं, कुणाची कोण ते लिहिलं नाही. ते मुद्दाम होतं. तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत.

आता इथलं ऐका. बेर्तिल्दाचं पुस्तक अखेर मोन्सिन्योरांनीच विकत घेतलं, ओळीसकट. इतक्या जणांनी ऐकल्यावर खरवडून उपयोग काय, असं नेरोत्सोच म्हणाले म्हणे. त्यांच्याशी माझं बोलणं नाही, पण परवा बाजारात त्यांनी टोपीला हात लावला. मोन्सिन्योरांचा चिटणीस तान्चाच्या अंगणात आला, कातड्यांच्या वासाने नाकाला रुमाल लावून. प्रत मीच पुरी करायची आहे. मी म्हटलं, शेवटी तिची ओळ येईल आणि तिच्याखाली माझी. तो म्हणाला, मोन्सिन्योरांना विचारून सांगतो. मी म्हटलं, विचारा. उत्तर नाही आलं तर दुसरा लेखनिक शोधा. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. टेबल कातड्यांच्या मांडवाखाली टाकलंय. काम सुरू आहे.

सान पेत्रोनिओच्या सणाला मी बोलोन्यात येते आहे. राहायला नाही. मेसेर बाल्दुइनोंच्या दारावर थाप मारणार आहे. त्यांनी उघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग विद्यापीठाच्या पायऱ्यांवर त्यांच्या विद्यार्थ्यांदेखत. त्या ग्रंथाचं शेवटचं पान तिरकं धरलं की खरवडलेली जागा अजून दिसत असणार. तुम्ही कितीही घासलंत तरी कातडं विसरत नाही. त्या जागेवर मी पुन्हा लिहिणार आहे, तुमच्याच अक्षरात, कारण ते पुस्तक त्या अक्षराचं आहे. येताना आर घोटून येईन.

या वेळी आधी विचारते आहे. पण 'लिहू का' असं विचारत नाही. विचारते ते एवढंच, की येता का.

कारण मी फक्त माझं नाव लिहीन. त्याच्या आधी दोन शब्दांची जागा कोरी सोडीन, मागाहून भरायच्या लाल आद्याक्षरासाठी सोडतो तशी. ते दोन शब्द कुणी लिहायचे हे तुमच्या काकपदाने सांगितलंय. अक्षर मोठं आलं तरी चालेल. ओळ सोडून गेलं तरी चालेल. सगळ्या बोलोन्याने बघितलं तरी चालेल, मी शेजारी उभी असेन. आणि आला नाहीत तर जागा कोरीच राहील. मी ती भरणार नाही आणि दुसऱ्या कुणाला भरू देणार नाही.

इथेही ती सोडली आहे.

                    तादेआ